विसळलेली बाटली

सूनबाई पाच दिवसांचं प्रशिक्षण करून आली आणि आमच्या घरात सरळ बोलायची सोय राहिली नाही.

ती नाशिकच्या एका सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेची प्रमुख आहे. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. जंतूंशी तिचं उत्तम जमतं. माणसांशीही जमावं असं सरकारला वाटलं असणार. म्हणून सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या वैज्ञानिकांना एका हॉलमध्ये बसवून माणसं कशी सांभाळायची, कामं कशी वाटायची, समोरच्याचं कसं ऐकायचं हे शिकवलं. भिंतीवर रंगीत चिकट कागद लावून बाई परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नुसतं म्हटलं, "पोह्यांत मीठ कमी आहे." तर चमचा खाली ठेवून, माझ्याकडे पूर्ण वळून ती म्हणाली, "म्हणजे आई, तुम्हाला असं म्हणायचंय का, की मीठ तुमच्या अपेक्षेपेक्षा कमी पडलंय?"

"मला मीठ म्हणायचंय," मी म्हटलं. "ते इकडे दे."

हे आठवडाभर चाललं. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की आपलं ऐकलं गेलं, असं तिथे शिकवलं होतं. माझा मुलगा शहाणा, तो त्या आठवड्यात ऑफिसातून उशिरा यायला लागला. नातीनं मैत्रिणींना सांगितलं की आमच्या मम्मीचा इको झालाय. मी तर मुद्दाम लांबलचक तक्रारी करायचे आणि ती त्या कशा परत म्हणते ते बघत बसायचे.

खवचटपणा होता, कबूल. पण त्यात असूयाही होती. मीसुद्धा याच कामात आयुष्य घालवलंय. सून आणि सासू एकाच धंद्यातल्या. स्वयंपाकघर सोडून भांडायला आम्हाला आणखी एक प्रयोगशाळा आहे. मला बाटल्या निर्जंतुक करायला शिकवलं होतं, जंतू मोजायला शिकवलं होतं, आणि मग नेमणुकीच्या पत्राबरोबर सहा माणसं हाताखाली दिली होती. वाफेच्या यंत्राबरोबर माहितीपुस्तिका आली होती. सहा माणसांबरोबर काहीच आलं नव्हतं.

तेव्हाची मी आज समोरून आले, तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन. कडक स्टार्चची साडी, विद्यापीठाचं सुवर्णपदक डोक्यात, आणि हातात पेन. मी बोलत नसे, ज्ञापन काढत असे, म्हणजे लेखी ताकीद. चहा थंड आला, ज्ञापन. खिडकी उघडी राहिली, ज्ञापन. एकदा प्रयोगशाळेत मांजर शिरली तेव्हा मी तिच्याबद्दलही काढलं होतं. मांजर वाचत नाही म्हणून ते शिपायाच्या नावे. आमचे हे सातपूरला कारखान्यात फोरमन होते. तिन्ही पाळ्यांची माणसं त्यांच्या शब्दाखातर थांबायची. माझी ज्ञापनं वाचून हे म्हणायचे, "मला जर तुझ्यासारखं लिहिता आलं असतं ना, तर माझा कारखाना आठवड्यात बंद पडला असता." मला वाटायचं, माझ्या भाषेचं कौतुक चाललंय.

तर दसरा झाल्यावर एका संध्याकाळी सून जेवणाच्या टेबलावर फाइल उघडून बसली होती. चेहरा उतरलेला. मी विचारलं तर तिनं फाइल माझ्याकडे सरकवली.

पेठ तालुक्यातला एक पाडा. एकच सार्वजनिक विहीर. तिच्या पाण्याची राखण करायला गावानं नेमलेली एक बाई, जलसुरक्षक. विहिरीत रोज जंतुनाशक पावडर टाकायची आणि ठरलेल्या वेळी प्रयोगशाळेनं दिलेल्या बाटलीत पाण्याचा नमुना भरून पाठवायचा, हे तिचं काम. त्या विहिरीचे सगळे अहवाल एकजात "पिण्यास योग्य". आणि पाड्यावरची लेकरं मात्र पावसाळ्यापासून जुलाबानं आडवी. आरोग्य पथक दोनदा जाऊन आलं होतं. आता वरच्या कार्यालयानं एक तक्ता पाठवला होता, सोमवारपर्यंत भरून द्यायचा. त्याचा शेवटचा रकाना: "जबाबदार व्यक्तीचे नाव व प्रस्तावित कारवाई."

"सरांचा फोन आला होता," सून म्हणाली. "ते म्हणतात, ती बाई दुसरीकडून कुठून तरी पाणी भरत असणार. नाव टाका आणि मोकळ्या व्हा."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, बाटली विसळत असेल."

हे जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. विहिरीत टाकलेल्या पावडरीचं क्लोरीन पाण्यातले जंतू मारतं, पण त्याला वेळ लागतो, निदान अर्धा तास. नमुना बाटलीत भरला तरी आत क्लोरीनचं काम चालूच राहतं. म्हणून आम्ही बाटलीत आधीच एक औषध घालून ठेवतो, ते क्लोरीनला जागच्या जागी थांबवतं. म्हणजे विहिरीपाशी पाणी जसं होतं तसंच आमच्यापर्यंत पोहोचतं. औषध वाळलं की बाटलीच्या तळाला पांढरट डाग दिसतो. आणि आपल्याकडचं कुठलंही माणूस डाग असलेलं भांडं न विसळता भरत नाही.

"विसळतच असेल," मी म्हटलं. "मग टाक ना नाव. पद्धत मोडली म्हणजे मोडली. मी टाकलं होतं."

"कुणाचं?"

झालं, मला व्यासपीठ मिळालं. बागलाणात, नामपूरच्या बाजूला, एका गावचा पंप चालवणारा माणूस होता. वयानं माझ्या वडिलांएवढा. कांद्याच्या गाडीत बसून नमुने घेऊन यायचा, बाटल्या उपरण्यात गुंडाळलेल्या. कसं आहे पाणी, असं विचारलं की म्हणायचा, "ताई, पानी एकदम बेस शे." मॅडम नाही, ताई! अर्धे गुण तिथेच गेले. उरलेले गेले ते बाटली विसळण्यावरून. मी त्याला सगळ्यांसमोर उभं करून झापलं. त्यानं पुढच्या वेळी पुन्हा विसळूनच आणली. मग मी तीन पानी अहवाल लिहिला, मुद्दे एक ते अकरा, आणि त्याचं काम गेलं. पुढचा माणूस नेमला तो अगदी काटेकोर. बाहेरून कोरड्या बाटल्या, मोत्यासारखं अक्षर, तीन शब्दांआड मॅडम.

सून ऐकत होती. "मग?"

"मग काय, सुधारणा झाली," मी म्हटलं आणि समोरची चिवड्याची वाटी घेऊन उठले. गोष्टीचा उरलेला अर्धा मी झाकून ठेवला.

तिनं रकाना तसाच कोरा ठेवला आणि फोन उचलला. थेट त्या जलसुरक्षक बाईला. "ताई, मी नाशिकहून प्रयोगशाळेतून बोलतेय. मला तुमची विहीर बघायला यायचंय. तुम्हाला कुठला दिवस सोयीचा पडेल?"

मी कपाळाला हात लावला. फोन ठेवल्यावर म्हटलं, "अगं, तपासणीला जाताना दिवस विचारतात होय? न सांगता धडकायचं असतं."

"मला तिला पकडायचं नाहीये, आई. मला ती रोज काय करते ते बघायचंय. घाबरली तर रोजचं करणार नाही."

हे तर्काला धरून होतं, म्हणून मला आवडलं नाही. मी म्हटलं, मीही येणार. ती म्हणाली, "या, पण तिथे बोलायचं नाही." मी म्हटलं, "मी गाडीतच बसेन." आम्ही दोघींनी एकमेकींवर विश्वास ठेवल्यासारखं केलं.

शनिवारी उजाडताना निघालो. रामशेजच्या बाजूला द्राक्षाच्या छाटण्या चालू होत्या, काड्यांचे ढीग बांधावर. सावळघाट चढला तसे मळे मागे राहिले आणि भाताची पिवळी खाचरं लागली. कापणी सुरू झाली होती. पाड्यावर पोहोचलो तेव्हा विहिरीभोवती बारा-पंधरा बायका हंडे घेऊन थांबलेल्या. सुनेनं फोनवर "रोजच्यासारखंच करा" म्हणून सांगितलं होतं, म्हणून त्या बाईनं पावडर टाकणं आमच्यासाठी रोखून धरलं होतं. आणि तिनं रोखलं म्हणून पाणीही रोखलेलं. कापणीला उशीर होत होता, त्यामुळे आमच्याकडे बघणाऱ्या नजरांत स्वागत कमी होतं.

ती जलसुरक्षक बाई चाळिशीची. इस्त्रीची साडी, आणि काखेत प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये आमच्याच प्रयोगशाळेचे अहवाल, एकेक पेठहून लॅमिनेट करून आणलेला. आधी हे काम एका गड्याकडे होतं. तो पावडर टाकायला विसरायचा. मग ग्रामसभेत बायकांनीच हिचं नाव पुढे केलं. सहा वर्षांत हिनं एक दिवस चुकवला नव्हता.

"मॅडम, माझा एक बी रिपोट नापास नाय," तिनं फाइल उघडून दाखवली. मग आवाज खाली आणून, "लोक म्हनत्यात, मी दुसरीकडचं पानी भरून धाडते. माझी विहीर सोडून मी दुसऱ्याचं कशाला धाडू? पन आता म्हनत्यात का माझं काम काढनार. काढनार का?"

सून लगेच "नाही" म्हणाली नाही. मला वाटलं, म्हणून टाक बाई, काय जातं. ती म्हणाली, "मला अजून माहीत नाही, ताई. म्हणून आलेय. तुम्ही रोज करता तसं करा, मी बघते."

बाईनं पावडर बादलीत कालवली, वरची निवळ विहिरीत सोडली, दोरीनं बादली वरखाली करून पाणी हलवलं. सगळं नेमकं, हात न थांबता. बायकांनी लगेच हंडे भरायला घेतले. आणि हिनं आमची नमुन्याची बाटली काढली, उजेडात धरून तळ पाहिला, आणि विसळली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा, आणि झाकणसुद्धा. देवाचा तांब्या विसळावा तशी. मग विहिरीतनं बादली काढून तिच्यातल्या पाण्यानं भरली.

माझं तोंड उघडलं. तेव्हाची मॅडम आतून धावत वर आली होती, मुद्दा क्रमांक एक तयार होता. तेवढ्यात सुनेनं आपल्या हातातलं घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "आई, पावडर टाकल्यापासून किती मिनिटं झाली ते मोठ्यानं सांगत राहा. माझं लक्ष दुसरीकडे आहे."

कामाची वाटणी! तेही शिकवलं होतं तर.

"चार!" मी ओरडले. हंडेवाल्या बायका हसल्या.

"ताई," सून म्हणाली, जशी शेजारणीला भाजीची कृती विचारावी, "बाटली विसळता ती का?"

"अवो, खाली पांढरं पांढरं ऱ्हातं. कुनाचंबी भांडं भरून द्यायचं तं विसळूनच ना? तुमच्यात काय, न विसळता तांब्या देत्यात का?"

आमच्यात देत नाहीत. मी घड्याळाकडे बघितलं. "सहा!"

"मीही विसळलीच असती," सून म्हणाली. "आता ही दुसरी बाटली घ्या. माझा हट्ट म्हणून न विसळता भरा. त्याच बादलीतनं."

बाईनं भरली, पण नाक मुरडून. सुनेनं मग तिचीच थेंबांची बाटली मागितली. पावडर पुरेशी पडली का हे बघायला जलसुरक्षकांकडे ती असते. दोन थेंब टाकले की क्लोरीनचं पाणी पिवळं होतं. हे तिच्या रोजच्या हातातलं काम. बाईनं दोन काचनळ्यांत दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं पाणी घेतलं आणि थेंब सोडले.

विसळलेल्या बाटलीचं पाणी पिवळं झालं. न विसळलेल्या बाटलीचं जसंच्या तसं.

तिनं आणखी दोन थेंब टाकले. नळी हलवली, उन्हात धरली, वास घेतला.

"पावडर कमी पडली आसंल," एक म्हातारी म्हणाली.

"गप ना मावशे. एकाच बादलीचं पानी हाय." ती नळ्यांकडे बघत राहिली. सून काही बोलली नाही. उत्तर माहीत असताना न बोलणं किती कठीण असतं ते मला विचारा, मला नोकरीत एकदाही जमलं नाही.

"त्या पांढऱ्यानं पावडर खाल्ली," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आनि मी ते धुऊन टाकते."

"हो."

"मंग माझ्या बाटलीतली पावडर तशीच ऱ्हाती. पेठपर्यंत. नाशिकपर्यंत."

"पाच-सहा तास ती बाटलीत जंतू मारत राहते. आमच्याकडे पोहोचतं तेव्हा पाणी चांगलं झालेलं असतं."

"आनि हितं?"

तिनं मान वळवली. दोन बायका भरलेले हंडे डोक्यावर घेऊन पाड्याकडे निघाल्या होत्या. एकीच्या पाठीशी झोळीत लेकरू होतं. हंडा घरी उतरला की तहानलेली पोरं लगेच त्यातच पेला बुडवणार होती. सून माझ्याकडे बघत होती, कारण उत्तर माझ्या हातात होतं.

"अकरा मिनिटं," मी म्हटलं. या वेळी ओरडले नाही.

ती विहिरीच्या कठड्यावर बसली. फाइल मांडीवर. बराच वेळ तिनं त्या लॅमिनेट केलेल्या कागदांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हंजे लेकरं माझ्यानं आजारी पडली."

एवढ्यात हंडेवाल्यांत कुजबुज सुरू झालेली. याच क्षणी काहीतरी मोडणार किंवा राहणार होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. माझ्या वेळी याच क्षणी मी पेन काढलं होतं.

सून तिच्या शेजारी कठड्यावर बसली. समजूत घातली नाही, पाठीवर हात फिरवला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या बाटलीत औषध आहे हे आम्ही बाटलीवर लिहिलेलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही. सहा वर्षं छान रिपोर्ट येत होते म्हणून आमच्यातलं कुणी इथे येऊन बघितलंही नाही. आधी चुकलो ते आम्ही. तुम्ही घाण दिसली म्हणून धुतली." मग थांबून, "आता मला पुढचं सांगा. विहीर तुमची. पावडरीला अर्धा तास हवा, आणि तोवर कुणी पाणी काढायचं नाही. हा अर्धा तास कुठून आणायचा?"

"अर्धा तास!" मघाची म्हातारी ओरडली. "कापनीला जायचंय का हितं देव पूजायचाय?"

"रातीला टाक पावडर."

"रातीला विहिरीवर बिबट्या येतो, तू जा टाकायला."

पाच मिनिटं नुसता गलका. सून त्यात एक शब्द बोलली नाही. मी दोनदा बोलायला गेले तर तिनं माझ्या हातातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मग ती कठड्यावर बसलेली बाई उठली. डोळे पुसले, पदर खोचला.

"ऐका. घरचं साठवलेलं पानी आसतं, त्याच्यावर चूल पेटवायची. मी चूल पेटायच्या टायमाला पावडर टाकीन. भाताचं भांडं उतरलं का मंग हंडा घ्यायचा. तवर विहिरीला कोनी हात लावायचा नाय."

"आनि माझा भात लवकर शिजला तं?"

"तं पानी जास्त घाल!"

सगळ्या हसल्या, ती म्हातारीसुद्धा. अर्ध्या तासाची सूचना मी लिहिली असती तर तिला परिशिष्ट जोडलं असतं. पाड्यावर ती भाताच्या भांड्यात मावली.

न विसळलेली बाटली घेऊन आम्ही निघालो. निघताना बाईनं पुन्हा विचारलं, "माझं नाव धाडनार का, मॅडम?"

"सोमवारी काय लिहिते ते आधी तुम्हाला वाचून दाखवीन," सून म्हणाली.

घाट उतरला. मग मीच म्हटलं, "ती नामपूरकडची गोष्ट अर्धीच सांगितली होती."

"मला वाटलंच. तुम्ही वाटी रिकामी नसताना उठलात."

तो काटेकोर माणूस, कोरड्या बाटल्यांचा. सात गावांचे नमुने आणायचा. त्याला मी इतरांपुढे उभा करून म्हणायचे, शिका याच्याकडून. वर्षभरानं आमच्या प्रयोगशाळेतल्याच एकानं घाबरत घाबरत माझ्यासमोर तक्ता ठेवला. सात गावं, सात विहिरी, आणि पाण्यातले क्षार सातही बाटल्यांत अगदी एकसारखे, सख्ख्या बहिणी असाव्यात तसे. तो पठ्ठ्या सातही बाटल्या नाशिकच्या एसटी स्टँडच्या नळावर भरत होता. रिकाम्या बाटल्या आणायला हलक्या पडतात. माझ्या तीन पानांनी त्याला एवढंच शिकवलं होतं, की बाटली बिनचूक दिसली पाहिजे.

"आणि ते आधीचे? उपरण्यातून आणणारे?"

"त्याला परत बोलावलं नाही. आम्ही चुकलो, तुम्ही या, असं ज्ञापन कसं लिहितात ते मला माहीत नव्हतं."

सून गाडी चालवत होती. गिअर बदलून म्हणाली, "म्हणजे आई, तुम्हाला असं म्हणायचंय का, की जो माणूस खऱ्या विहिरीचं पाणी खऱ्या बाटलीत, आणि तीही स्वच्छ करून आणत होता, तो गेला, आणि जो विहिरीपर्यंत गेलाच नाही तो राहिला?"

आठवडाभर मी त्या वाक्याची टिंगल केली होती. या वेळी मात्र स्वतःचंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून आलं आणि मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

"हो," मी म्हटलं. "असंच म्हणायचंय."

सोमवारी सकाळी न विसळलेल्या बाटलीचा निकाल आला: पिण्यास अयोग्य. सुनेनं तो तक्त्यासोबत जोडला आणि शेवटचा रकाना भरला. जबाबदार: प्रयोगशाळा. कारण: बाटलीवर सूचना नाही, नमुना घेणाऱ्यांना औषधाचा उद्देश समजावलेला नाही. कारवाई: बाटलीवर चित्रासह चिठ्ठी, आणि जिल्ह्यातल्या जलसुरक्षकांना प्रत्यक्ष दाखवणे. खाली स्वतःची सही. मग पाड्यावर फोन लावून तिनं हे सगळं शब्दन् शब्द वाचून दाखवलं. पलीकडून पहिला प्रश्न आला, "पानी नापास झालं?"

"झालं. पण खरं कळलं ना. आता भाताच्या वेळेवर टाकलेल्या पावडरीचा पुढचा नमुना पाठवा."

दुपारी वरिष्ठांचा फोन. ती माझ्यासमोरच बोलत होती, जेवायला घरी आलेली. "मॅडम, हे तुम्ही स्वतःवर ओढून घेताय. उद्या तुमच्या सेवापुस्तकात शेरा आला तर?"

"येऊ दे, सर. पण मी त्या बाईचं नाव टाकलं, तर जिल्ह्यातला प्रत्येक जण घाबरून बाटली छान दिसेल एवढंच बघेल. पाणी कुठलं आहे ते आपल्याला कधी कळणार नाही." आणि माझ्याकडे एक नजर टाकून, "असं पूर्वी झालेलं आहे, सर. माझ्याकडे खात्रीची माहिती आहे."

मी वरणात बघत राहिले. माझी कारकीर्द शेवटी कुणाच्या तरी उपयोगी पडली म्हणायची.

पलीकडून एवढंच आलं, "चिठ्ठीचा मसुदा पाठवा." तिला लेखी खुलासा मात्र द्यावा लागला. तिनं दिला, एका पानाचा. मी म्हटलं, एवढ्यात भागतं? ती म्हणाली, भागतं.

पुढचा नमुना योग्य आला. त्याच्या पुढचाही. पाड्यावर आरोग्य पथकाला त्यानंतर जावं लागलेलं नाही, अजून तरी. मी नामपूरकडे एक पत्र धाडलं. पहिल्या मसुद्याला सात मुद्दे झाले, तो फाडला. दुसरा चार ओळींचा झाला. उत्तर आलेलं नाही. तो माणूस आहे की नाही, तेही माहीत नाही.

गेल्या महिन्यात जिल्ह्यातले जलसुरक्षक नाशिकला आले. मोठा हॉल, पुढे टेबल, टेबलावर दोन बादल्या. सुनेनं स्वतः एक शब्द शिकवला नाही. पाड्यावरच्या त्या बाईला पुढे उभं केलं. तीच इस्त्रीची साडी, तीच फाइल. सहा वर्षांचे लॅमिनेट केलेले "योग्य" मागे गेले होते. सगळ्यात वर होता तो "अयोग्य", लॅमिनेट केलेला.

पहिल्या रांगेतला एक गडी हसला. "बाई, नापास रिपोट मिरवाया आनला का?"

"मंग! ह्योच खरा हाय," ती म्हणाली. "मागचे समदे रस्त्यानं पास झालेले. तू बाटली विसळतो का रं?"

"विसळनारच ना."

"मंग तुझेबी रस्त्यानंच पास होत्यात. ये पुढं."

हॉल हसला, आणि तो गडी खरंच उठून पुढे आला. मी मागच्या रांगेत बसले होते, बोलायचं नाही या अटीवर. तिनं पावडर कालवली, बादलीत सोडली, आणि मान उंच करून मला शोधलं.

"आजी, घड्याळ आनलंय का?"

आणलं होतं.